बाटलीतली ताकद घरी कशी मोजायची

मे महिन्यातली दुपार होती. पुतण्या लातूरहून आला तो पिशवीत काचेची एक नळी आणि एक क्वार्टर घेऊनच. नळी ऑनलाइन मागवलेली, आत शिशाचे दाणे आणि वर बारीक अंशांची पट्टी. त्याने क्वार्टर उंच भांड्यात ओतली, नळी सोडली आणि ओरडला, "काका, पन्नास दाखवायलंय की हे! बाटलीवर तर ४२.८ लिहिलंय!" त्याला वाटलं, कंपनीने जास्त कडक माल भरला. मी भिंतीवरचा थर्मामीटर दाखवला. खोलीत ३९ अंश होते. ती नळी २० अंशांसाठी बनवलेली होती. हिशेब केला तर दारू बरोबर ४२.८च्या घरात निघाली.

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, मळीपासून स्पिरिट काढतात तिथल्या लॅबमध्ये, माझी बावीस वर्षं गेली. रोज सकाळी पहिलं काम स्ट्रेंथ घेण्याचं. पुतण्याच्या त्या दुपारपासून गावातली, नात्यातली पोरं मला हेच प्रश्न विचारतात: बारमध्ये पाणी घालतात का, बाटली खरी का, किती पेग म्हणजे किती दारू? म्हणून जे लॅबमध्ये शिकलो, ते घरच्या साधनांत बसवून इथे लिहितो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती ध्यानात न घेता पुढचं वाचणं धोक्याचं आहे. घरी दारूची ताकद मोजता येते. दारूतलं विष घरी मोजता येत नाही. हे का, ते पुढे येईल.

लेबल आधी वाचा

बाटलीवर '४२.८% व्ही/व्ही' असं छापलेलं असतं. म्हणजे १०० मिली दारूत ४२.८ मिली शुद्ध अल्कोहोल. त्याच्या शेजारी कधी '७५ डिग्री प्रूफ' किंवा '२५ यू.पी.' असंही दिसतं. ही इंग्रजांच्या काळची मापं. तेव्हा बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून पेटवायचे. ती बंदुकीची दारू पेटली तर मद्य 'प्रूफ'. ती सीमा पुढे ५७.१ टक्क्यांवर पक्की झाली आणि तिलाच १०० प्रूफ म्हटलं. ५७.१ चे ७५ टक्के काढा, ४२.८ येतात. २५ यू.पी. म्हणजे प्रूफपेक्षा २५ अंश खाली. तीन आकडे दिसले तरी माल एकच.

हा आकडा कशाला लागतो? ४२.८ टक्क्यांच्या ३० मिली पेगमध्ये जवळपास १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ६५० मिलीच्या ५ टक्क्यांच्या बिअरमध्ये २५ ग्रॅमच्या वर, म्हणजे अडीच पेग. तीच बाटली ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ४१ ग्रॅम, चार पेग. "मी तर नुसती बिअर घेतली" म्हणत मोटारसायकलला किक मारणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि त्यातली काही परत घरी आली नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे रक्ताच्या १०० मिलीत ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा. ही मर्यादा फार लवकर ओलांडली जाते.

साहित्य

लागतो तो अल्कोहोलमीटर, म्हणजे पुतण्याने आणली होती तसली नळी. इथे नवशिक्यांची पहिली चूक होते. डेअरीत दुधाला लावतात तो लॅक्टोमीटर वेगळा. दूध पाण्यापेक्षा जड, दारू पाण्यापेक्षा हलकी, त्यामुळे लॅक्टोमीटर दारूत सरळ तळाला जातो. उसाच्या फडात ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघायचा हँड रिफ्रॅक्टोमीटरही आपल्याकडे बऱ्याच शेतकऱ्यांकडे असतो. त्यावर दारूचा थेंब टाकला की पंधराच्या आसपास ब्रिक्स दिसेल आणि तुम्हाला वाटेल, दारूत साखर आहे. साखर नसते, अल्कोहोलनेच प्रकाश तसा वाकतो. तोही बाजूला ठेवा.

अल्कोहोलमीटर सायंटिफिकच्या दुकानात मिळतो. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथे अशी दुकानं आहेत, शाळा-कॉलेजला काचसामान पुरवणारी. घेताना पट्टीवर तापमान किती छापलं आहे ते पाहा. बहुतेकांवर २० अंश सेल्सिअस असतं, काही जुन्यांवर १५ किंवा १५.५६. ०ते १००ची एकच नळी स्वस्त पडते, पण तिच्यात अंश दाटीने बसवलेले असतात. जमलं तर ३० ते ५० अशी छोट्या पल्ल्याची घ्या. सोबत नळीपेक्षा उंच, अरुंद काचेचं भांडं, ०ते ५० अंशांचा थर्मामीटर आणि डिस्टिल्ड वॉटर. गॅरेजच्या दुकानात बॅटरीत घालायचं पाणी मिळतं, ते चालतं. बोअरचं पाणी अजिबात वापरू नका. आपल्याकडच्या बोअरला क्षार एवढे असतात की बारीक मापात त्यानेच आकडा हलतो.

मोजायची रीत

आधी नळीचीच परीक्षा घ्या. डिस्टिल्ड वॉटर २० अंशांवर आणा आणि नळी सोडा. शून्य दाखवायला हवं. अर्धा अंश इकडेतिकडे असेल तर वहीत लिहून ठेवा आणि दर वेळी तेवढा फरक धरा. दोन अंश चुकत असेल तर नळी परत करा.

भांडं धुऊन पूर्ण वाळवा. आत राहिलेले पाण्याचे चार थेंबही ताकद कमी दाखवतात. लॅबमध्ये आम्ही भांडं आधी त्याच दारूच्या थोड्या घोटाने विसळून ते टाकून द्यायचो. दारू भांड्याच्या कडेने हळू ओता, फेस किंवा बुडबुडे येऊ देऊ नका. बुडबुडा नळीला चिकटला की ती वर उचलली जाते.

आता तापमान. ही पायरी बहुतेक जण गाळतात. दारू गरम झाली की फुगते, हलकी होते, नळी जास्त बुडते आणि आकडा चढतो. ४० टक्क्यांच्या आसपासच्या दारूला २०च्या वर दर अंशाला साधारण ०.४ एवढी चढ येते. पुतण्याचं गणित असं: ३९ वजा २० म्हणजे १९, गुणिले ०.४ म्हणजे ७.६. पन्नासातून साडेसात वजा करा, बेचाळीस-त्रेचाळीस उरतात. डिसेंबरात परभणीला पहाटे १० अंश असतात, तेव्हा उलट होतं, आकडा कमी दिसतो आणि फरक मिळवावा लागतो. पण हे वजाबाकीचं काम कामचलाऊ आहे. तापमान जितकं लांब, तितकी चूक जास्त. खरी रीत म्हणजे दारूच २० अंशांवर आणणं. भांडं घमेल्यात ठेवा, घमेल्यात माठातलं पाणी आणि बर्फाचे दोन तुकडे टाका, थर्मामीटरने हलवत राहा. दहा मिनिटांत होतं. २०वर आलं की भांडं बाहेर काढून पुसा आणि लगेच मोजा.

नळी वरच्या टोकाला बोटांनी धरा, हळू सोडा आणि किंचित गिरकी द्या. ती भांड्याच्या भिंतीला टेकता कामा नये. थांबली की डोळा पातळीवर आणा. द्रवाचा पृष्ठभाग नळीपाशी वर चढलेला दिसतो. तो चढलेला कडा वाचायचा नाही, सपाट पातळी वाचायची. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिला आठवडाभर चढलेला कडाच वाचत होतो. आमच्या जुन्या केमिस्टसाहेबांनी एक शब्द न बोलता माझी मान धरून टेबलाच्या पातळीला आणली. तेव्हापासून कधी चुकलो नाही. तीनदा मोजा. तिन्ही आकडे अर्ध्या अंशात बसले तर मधला धरा.

सोनाराच्या काट्यावर

नळीवर माझा भरवसा आहे, पण दारू थोडी असेल किंवा नळी नसेल तर वजनाची रीत जास्त चांगली. सोनं तोलायचा ०.०१ ग्रॅमचा काटा आता कुणालाही परवडतो. सोबत ५० मिलीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बाटली घ्या. तिच्या काचेच्या बुचाला मधे केसासारखं भोक असतं, बूच बसवलं की जास्तीचा द्रव त्यातून बाहेर येतो आणि दर वेळी आत तेवढाच द्रव राहतो.

रिकामी कोरडी बाटली तोला. समजा २८.४० ग्रॅम आली. २० अंशांवरचं डिस्टिल्ड वॉटर भरून, बाहेरून पुसून तोला. समजा ७८.३०. पाणी ४९.९० ग्रॅम झालं. बाटली वाळवून २० अंशांवरची दारू भरा. समजा ७५.५५. दारू ४७.१५ ग्रॅम. ४७.१५ भागिले ४९.९० म्हणजे ०.९४५. ही त्या दारूची सापेक्ष घनता. बुचाच्या भोकातला थेंब आणि बाटलीला हाताचा घाम, एवढ्या दोन गोष्टी सांभाळा.

घनतेवरून ताकद अशी: ०.९९३ म्हणजे ५ टक्के, ०.९८६५ म्हणजे १०, ०.९८४ म्हणजे १२, ०.९६४ म्हणजे ३०, ०.९५७ म्हणजे ३५, ०.९५० म्हणजे ४०, ०.९४५ म्हणजे ४२.८ आणि ०.९३२ म्हणजे ५०. नीट पाहिलंत तर दिसेल की हे सरळ त्रैराशिक नाही. पाणी आणि अल्कोहोल एकमेकांत मिसळताना आक्रसतात. ५० मिली पाण्यात ५० मिली अल्कोहोल घातलं की १०० मिली भरत नाही, तीन-चार मिली कमीच भरतं. म्हणून तक्ताच लागतो.

पाणी घातलंय का, हे यातून कळतं. चार भाग ४२.८च्या दारूत एक भाग पाणी घातलं तर ताकद ३४च्या थोडी वर येते आणि घनता ०.९५८. ०.९४५ आणि ०.९५८ यातला फरक ५० मिलीला साडेसहाशे मिलिग्रॅमचा, म्हणजे ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पासष्ट घरं. लपत नाही. पण एकाच मापावर कुणाच्या दुकानात जाऊन भांडू नका. त्याच ब्रँडची सीलबंद बाटली आणून, त्याच दिवशी, त्याच काट्यावर तोला आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

गोड दारू, वाइन आणि बिअर

वरच्या दोन्ही रीती एक गोष्ट गृहीत धरतात: आत फक्त पाणी आणि अल्कोहोल आहे. व्हिस्की, व्होडका, साधी देशी यांना ते बऱ्यापैकी लागू पडतं. साखर आली की सगळं बिघडतं. लिटरमागे १० ग्रॅम साखर असेल तर ४०च्या घरातली दारू सुमारे दोन अंश कमी दिसते. गोड लिकर तर नळीवर अगदी पाण्यासारखंही दिसू शकतं. वाइन आणि बिअरमध्ये साखरेशिवाय इतरही बरंच विरघळलेलं असतं.

यावर लॅबमध्ये नमुना ऊर्ध्वपातित करतात. तुम्ही ते घरी करायचं नाही. दारूची वाफ थंड करून परत गोळा केली की ती दारू गाळणं झालं, आणि परवान्याशिवाय ते महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ खाली गुन्हा आहे. मापासाठी म्हणून केलं तरी. त्याची गरजही नाही, कारण उलटी वाट आहे: वाफ उडवून द्यायची आणि मागे काय उरलं ते मोजायचं.

बिअर असेल तर आधी गॅस काढा, या ग्लासातून त्या ग्लासात वीसेकदा ओता, फेस मरेपर्यंत. २० अंशांवर आणून घनता घ्या. मग २०० मिली अचूक मोजून इंडक्शनवर पसरट नसलेल्या भांड्यात मंद उकळा, निम्म्याच्या खाली येईपर्यंत. खिडक्या उघड्या ठेवा. गॅसची शेगडी, देवघरातला दिवा, बिडी, काहीही पेटतं जवळ नको. अल्कोहोलची वाफ पेट घेते. कडक गोड दारू असेल तर उकळण्याआधी तिच्यात तिप्पट डिस्टिल्ड वॉटर घाला. उरलेलं थंड झालं की डिस्टिल्ड वॉटर घालून पुन्हा बरोबर २०० मिली करा आणि घनता घ्या. अल्कोहोल गेलं, साखर तेवढीच राहिली.

हिशेब असा: पहिली घनता अधिक एक, वजा दुसरी. समजा बिअरची १.००८ होती, उकळल्यावर १.०१५ झाली. २.००८ वजा १.०१५ म्हणजे ०.९९३. वरच्या तक्त्यात ०.९९३ म्हणजे ५ टक्के. वाइन समजा ०.९९२ आणि उकळल्यावर १.००८ भरली, तर ०.९८४, बारा टक्के. पुन्हा भरताना बोअरचं पाणी घातलंत तर बिअरमध्ये अर्ध्या टक्क्याची चूक सहज होते. पाच टक्क्यांत अर्धा म्हणजे थोडा नव्हे. कडक दारू आधी पातळ केली असेल तर भांड्यात मूळ दारू ५० मिली असते. मग उकळताना ५०च्या खाली आणायचं आणि पुन्हा भरताना ५० मिलीच करायचे. ही रीत सावकाश करा, घाईत ती हमखास फसते.

गावाकडच्या परीक्षा

आपल्याकडे हातभट्टीच्या भोवती काही समजुती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. किनवट-माहूरकडे मोहाची, इतरत्र गूळ-नवसागराची. "पहिल्या धारेची आहे, काडी लावून बघा" हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस मराठवाड्यात सापडणार नाही.

काडी लावणं म्हणजे काय होतं ते सांगतो. ४० टक्क्यांची दारू साधारण २६ अंशांवर पेट घेण्याइतकी वाफ सोडते. उन्हाळ्यात खोलीत ४० अंश असताना तीसेक टक्क्यांचीसुद्धा भप्पकन पेटते. तीच ४२.८ची दारू थंडीतल्या पहाटे पेटत नाही. म्हणजे काडी दारूची ताकद सांगत नाही, हवामान सांगते. शिवाय उन्हाळ्यात त्या ज्योतीने हात, मिशा, गोठ्याचा पाला जळालेला मी पाहिला आहे. हे करू नका.

बाटली हलवून वर येणारे बुडबुड्यांचे मणी किती वेळ टिकतात ते पाहणं, तळहातावर चोळून वास घेणं, यातून जाणत्या माणसाला अंदाज येतो, नाही असं नाही. पण मणी टिकवण्यासाठी भेसळ करणारे त्यात काहीही घालू शकतात.

आणि सगळ्यांत घातक समजूत: ज्योत निळी आली म्हणजे दारू चांगली.

मिथेनॉल

आपण पितो ते इथेनॉल. मिथेनॉल हे कारखान्यातलं विद्रावक. २० अंशांवर इथेनॉलची घनता लिटरला ७८९ ग्रॅम, मिथेनॉलची ७९१. दोन ग्रॅमचा फरक. नळीला तो कळत नाही, सोनाराच्या काट्यालाही नाही. मिथेनॉलची ज्योतसुद्धा निळीच, उजेडात तर ती दिसतही नाही. वास जवळपास सारखा. विषारी दारू नळीवर ४२.८ दाखवू शकते, निळी पेटू शकते, मणीही देऊ शकते.

२०१५च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. आंबवलेल्या गुळात किंवा मोहात मिथेनॉल फार थोडं तयार होतं. माणसं मरतात ती कुणीतरी बाहेरून स्वस्त मिथेनॉल आणून ओतलं म्हणून. ते ओतलंय की नाही, हे खात्रीने गॅस क्रोमॅटोग्राफसारखं प्रयोगशाळेतलं यंत्र सांगतं, आणि ते छत्रपती संभाजीनगरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी असतं. माझ्या घरी नाही, तुमच्याही नाही. म्हणून मला कुणी प्लास्टिकच्या पिशवीतली किंवा बिनलेबलाची बाटली मोजायला आणली की मी नळी काढतच नाही. आकडा चांगला आला तर तो माणूस ती पिईल, आणि त्याला धीर देणारा मी ठरेन.

सीलबंद, उत्पादन शुल्क विभागाचं लेबल असलेली, परवानाधारक दुकानातली बाटली एवढंच तुमच्या हातात आहे. झाकणाची कडी आधीच तुटलेली, लेबल वाकडं, आत तरंगणारा कण, यातलं काहीही दिसलं तर बाटली न उघडता परत करा आणि उत्पादन शुल्कवाल्यांना कळवा. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून त्यांना अबकारीवालेच म्हणतात. त्या नावाची भीती बाळगू नका. तक्रार करणं हा गुन्हा नाही.

आणि कुणी आधीच पिऊन बसला असेल तर लक्षणांकडे पाहा. मिथेनॉलची नशा साध्या दारूसारखीच चढते आणि उतरते. त्रास बारा ते चोवीस तासांनी सुरू होतो: पोटात कळ, उलट्या, धाप, डोळ्यांपुढे धुकं किंवा पांढरं पांढरं दिसणं. घरचे म्हणतात, रात्रीची उतरली नाही, झोपू द्या. झोपू देऊ नका. शरीरात मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल होत असतं आणि ते डोळ्यांची नस जाळतं. १० मिली शुद्ध मिथेनॉलनेही दृष्टी जाऊ शकते. लिंबू, ताक, मीठपाणी यांनी काही होत नाही. डायलिसिसची सोय असेल असा मोठा दवाखाना गाठा. संभाजीनगरला घाटी, तशीच नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. पोचल्यावर पहिलं वाक्य "दारू प्यायली होती, डोळ्यांना दिसत नाही" हेच सांगा, लाजून पोटदुखी सांगू नका. त्याच्यासोबत आणखी कोण कोण बसलं होतं ते विचारा आणि त्यांनाही, त्रास नसला तरी, घेऊन या. उरलेली बाटली फेकू नका. झाकण घट्ट लावा, उभी धरा आणि सोबत न्या.